पाव वॉर्डाचं जेवण

शिवणताईने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, हा माणूस उष्टं खातोय.

रुग्णालयाचा दुसरा मजला. दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती आणि खरकट्या ताटांची ढकलगाडी वॉर्डाच्या दाराशी उभी होती. पांढरी टोपी घातलेला एक आडदांड माणूस त्या गाडीवर ओणवा झाला होता. एकेक ताट उचलायचा, उजेडाकडे तिरकं करायचा, नाकाजवळ न्यायचा, परत ठेवायचा. तिचे वडील त्याच वॉर्डात बारा नंबरच्या खाटेवर होते. ती पाण्याची बाटली हातात धरून जागच्या जागी थबकली. एवढा धिप्पाड माणूस आणि पोटाला अन्न नाही! खालून दोन पाव आणून गुपचूप त्याच्या हातावर ठेवावेत असं तिच्या मनात आलंच होतं, तेवढ्यात त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि चिठोऱ्यावर काहीतरी लिहिलं.

“बारा नंबर तुमचे का?” त्याने मान न वळवता विचारलं.

“वडील आहेत. का हो?”

“बटाट्यांशी काय वैर आहे त्यांचं? अंडं खाल्लं, वाटाणे वेचून खाल्ले. बटाटे नुसते या कडेचे त्या कडेला केलेत.”

“दाढ दुखतेय. पण ते कुणाला बोलले नाहीत.”

“बोलले की,” तो म्हणाला. “ताटात लिहून ठेवलंय.”

दुसऱ्या दिवशी बारा नंबरला बटाटे आले ते कुस्करून, लोणी घालून. वडील आयुष्यात कुणाला चांगलं म्हणाले नव्हते. ताट पुसून खाल्ल्यावर त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. “तो टोपीवाला आहे ना,” ते म्हणाले, “त्याचं लग्न झालंय का, बघ जरा.”

ती स्वतः गेली नाही, नर्सला पाठवलं. वर्षाच्या आत लग्न झालं.

डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्याला आचारीच म्हणायचे, आणि पुढे घराच्या दारावरही तेच नाव लागलं. तिचं नाव शिवणताई, कारण गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर तिच्या मशीनवरचे कपडे असत. चौतीस वर्षं त्याने रुग्णालयाच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात काढली. चारशे माणसांचं जेवण, दिवसातून तीनदा. माणसं तो डोक्यांवर मोजतच नसे. एक वॉर्ड म्हणजे अठ्ठावीस खाटा, हे त्याचं माप. लग्नाला तुमच्याकडची किती माणसं, असं सासऱ्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, “चार वॉर्ड धरा, आणि वर पाच-सहा नर्सा.” एकदा वाफेचा बॉयलर सकाळी दहाला बंद पडला. आचाऱ्याने मागच्या आवारात विटा रचून चुली पेटवल्या आणि दीड वाजता चारही मजल्यांवर गरम सूप पोचवलं. वर कुणाला काही कळलंसुद्धा नाही. “कळलं नाही, हेच तर,” तो सांगायचा, आणि हे सांगताना त्याची छाती दोन इंच पुढे यायची.

त्या तळघरातच त्याला घड्याळजी भेटला. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे जातं म्हणून त्याला दुरुस्तीला बोलावलं होतं. आचाऱ्याने त्याला शिडीवरून खाली उतरवलं.

“हात लावायचा नाही. या चार मिनिटांवर माझ्या गाड्या वेळेवर वर जातात.”

“अहो, पण घड्याळ चुकतंय!”

“चुकू दे. जेवण चुकत नाही ना?”

घड्याळजी वाडगाभर सूप पिऊन, घड्याळ तसंच ठेवून परत गेला, आणि पुढच्या रविवारी बायकोला घेऊन त्यांच्या घरी आला. तेव्हापासून दोन्ही घरं एकच झाली. आचारी आणि शिवणताईला मूल झालं नाही. घड्याळजीची मुलगी भिंगरी निम्मी याच घरात वाढली, शिवणताईच्या मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करत.

घरचा स्वयंपाक शिवणताईचा. ती सुगरण होती, आणि हे तिला ठाऊकही होतं. आचाऱ्याने तिच्या जेवणाला कधी नाव ठेवलं नाही, ताटात कधी कण टाकला नाही. जेवताना दोन पेले पाणी मात्र प्यायचा, उन्हाळा असो की हिवाळा. मोठा देह आहे, पाणीही मोठंच लागणार, असं तिने धरून ठेवलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी एकदाच त्याने घरी स्वयंपाक केला. शिवणताईकडे एका शाळेच्या साठ गणवेशांचं काम होतं आणि ती मशीनवरून उठूच शकत नव्हती. घड्याळजीचं कुटुंब जेवायला येणार होतं. आचारी म्हणाला, “आज मी करतो. पाच माणसांचं काय घेऊन बसलीस!” त्याने कोंबडी, बटाटे आणि गाजरांचा दाट रस्सा केला, मऊ भात केला. भिंगरी तेव्हा पाच वर्षांची, नुकतीच मोठ्या तापातून उठलेली. तिने पहिला चमचा तोंडात घातला, डोळे मोठे केले आणि विचारलं, “काका, हे आजारी माणसांचं जेवण आहे का?”

घड्याळजी हसता हसता खुर्चीवरून घसरला. त्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, डोळ्यांतून पाणी आलं. आणि खोटं कशाला सांगा, सगळ्यांत आधी हसली ती शिवणताई. आचारीही हसला, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसला. त्यानंतर त्याने घरातली शेगडी कधी पेटवली नाही, चहासाठीदेखील नाही. शिवणताईच्या हे लक्षात यायलाच वर्ष लागलं.

गोष्ट मात्र वाढत गेली. दर जेवणाला घड्याळजी ती सांगायचा, आणि शिवणताई मापं घेता घेता गिऱ्हाइकांनाही सांगायची. वर्षागणिक गोष्टीला नवी झालर लागली. भिंगरीने ताट ढकललं, भिंगरीने नर्सला हाक मारली, भिंगरीने थर्मामीटर मागितला. यातलं काही म्हणजे काही घडलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आचारी निवृत्त झाला. रुग्णालयाने त्याला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. घड्याळजीने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “रिकाम्या माणसाला घड्याळ का देतात, मला आजवर कळलेलं नाही. काय, वेळ किती उरलाय ते मोजत बसायचं?” आचारी हसला. पण पुढे दिवसभर तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचा, चौकटीला खांदा टेकवून. आत यायचा नाही, निघूनही जायचा नाही. जेवण झालं की सवयीने ताटं बघायचा. दोनच ताटं. त्यांत वाचण्यासारखं असणार तरी काय?

आणि मग शिवणताई खुर्चीवर चढून पडदा अडकवताना पडली. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर आलं. मशीनवर चादर पडली. दोन आठवडे दोघांनी पाव, उकडलेली अंडी आणि शेजारणीने पाठवलेलं जे येईल ते खाल्लं. अशात वहिनींचा फोन आला. भिंगरी पोरांना घेऊन चार दिवस माहेरी आली आहे, तर रविवारी तुम्हीच आमच्याकडे या, हात बरा होईपर्यंत तुमच्याकडे कसं जमणार?

आचाऱ्याने बायकोच्या हातातून फोन घेतला. “वहिनी, तुम्हीच इकडे या. जेवण मी करतोय.”

पलीकडे मागून घड्याळजीचा आवाज आला, “थर्मामीटर आणू का रे?”

“आणा. आणि लवंगीला नक्की आणा.”

लवंगी म्हणजे भिंगरीची थोरली. बारीक, काटक आणि जिभेने तिखट. आचाऱ्याने फोन ठेवला. “साडेपाच वर्षांची झाली ना ती?” तो म्हणाला. “भिंगरी तेव्हा पाचचीच होती. ही काय म्हणते, बघू या.”

तो हे हसतच म्हणाला. पण फोन ठेवल्यावरही त्याचा हात फोनवरच होता, आणि शिवणताई त्या हाताकडे बघत राहिली. शिवलेल्या कपड्यात चुकून टाचणी राहून जावी आणि गिऱ्हाइकाने ती वर्षानुवर्षं न बोलता अंगावर वागवावी, तसं झालं होतं. टाचणी ठेवणारे हात तिचेच होते.

शुक्रवारी त्याने रंगीत तालीम केली. तोच रस्सा, तोच मऊ भात. “सात माणसं म्हणजे पाव वॉर्ड,” तो कांदे सोलताना पुटपुटत होता. “इतकं कमी शिजतं तरी कसं?” चारशेच्या मापाला भागत भागत तो सातावर आला, आणि पसरट भांड्यात रस्सा आटून खाली लागला. दोघं जेवायला बसली. शिवणताईने डाव्या हाताने चमचा धरून जमेल तेवढं खाल्लं. “छान झालंय हो,” ती म्हणाली.

त्याने तिचं ताट उचललं आणि दिव्याखाली धरलं. “रस्सा पावाने झाकून ठेवलास,” तो म्हणाला. “छान झालेलं कुणी झाकत नाही.”

“अहो, त्यात—”

“सांगू नकोस.” त्याने हात वर केला. “तू सांगितलंस तर ते तुझं जेवण होईल. मला शोधू दे. आणि रविवारी तू आत पाऊल टाकायचं नाहीस.”

काय चुकलं होतं हे तिला पहिल्याच घासाला कळलं होतं. मीठ. रुग्णालयात कुणाला रक्तदाब, कुणाची मूत्रपिंडं अधू, म्हणून जेवण कमी मिठाचं शिजायचं. ज्याला हवं त्याला मिठाची पुडी वेगळी मिळायची. चौतीस वर्षं तो स्वतः त्याच पातेल्यातलं जेवला होता. त्याच्या जिभेला तीच चव पुरी वाटायची. जी चूक आपल्याला लागतच नाही, ती माणूस शोधणार कशी?

रविवारी दुपारी तीनला तो आत गेला, आणि शिवणताई जेवणाच्या टेबलाशी, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली. आतलं काही दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. सुरीचा आवाज सुरू झाला आणि ती चकित झाली. तक् तक् तक् तक्, एका लयीत, एका अंतरावर, जणू तिचंच मशीन चालू होतं. तेहतीस वर्षं संसार केला, पण या माणसाला काम करताना तिने कधी ऐकलंच नव्हतं. कढईत कांदा पडला. तो किती परतला हे तिला आवाजावरून कळत गेलं. आधी सळसळ, मग कुजबुज. मिठाच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणाचा किर्रर्र आवाज आला. एकदा. सात माणसांच्या रश्शाला एक चिमूट!

“अगं!” आतून आनंदाची आरोळी आली. “पाव वॉर्डाला पसरट भांडं चालत नाही! उभट लागतं! आणि झाकणावर पाणी ठेवायचं!”

“हो का?” ती म्हणाली, आणि गप्प बसली.

चार वाजले. वास असा सुटला की समोरच्या घरातली म्हातारी खिडकीत येऊन उभी राहिली. पण झाकण काही परत किरकिरलं नाही. साडेचार. पाच. कोंबडी शिजली, बटाटे शिजले, दालचिनी घातलेली सफरचंदं शिजली. तिने तीनदा “अहो” म्हणायला तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. सांगावं तर त्याचं जेवण तिचं होणार. न सांगावं तर थोड्या वेळाने ती पोरगी चमचा तोंडात घालणार, घड्याळजी खुर्चीवरून घसरणार, आणि पुन्हा हा चौकटीला खांदा टेकवून उभा राहणार, या वेळी कायमचा.

साडेपाचला मंडळी आली. घड्याळजी, वहिनी, भिंगरी, तिच्या कडेवर अडीच वर्षांचा गुबगुबीत ढब्बू, आणि सगळ्यांच्या पुढे लवंगी. ढब्बूला आठला झोप येते म्हणून जेवण साडेसहालाच ठरलेलं होतं.

“वास तर जोरदार आहे!” घड्याळजीने नाक वर केलं. “कुठून मागवलंय?”

“बसा गुमान,” शिवणताई म्हणाली.

लवंगीने प्लास्टरवर टिचकी मारून पाहिली. “आजी, तुम्ही रडलात?”

“थोडीशी.”

“मी घसरगुंडीवरून पडले तेव्हा मुळीच रडले नव्हते.”

शिवणताईने त्या टोकदार चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला एकदम आठवलं. आचारी घरी येऊन इतक्यांदा सांगायचा ते. स्वयंपाकघरातून गाडी निघण्याआधी तो वॉर्डातल्या नर्सला खाली बोलवायचा आणि पातेल्यातला पहिला घास तिला द्यायचा. तिने चिठ्ठीवर सही केली की मगच गाडी हलायची. त्याला ते ‘बाहेरचा घास’ म्हणत. “आचाऱ्याची जीभ दिवसभर वाफ पिऊन बहिरी झालेली असते,” तो म्हणायचा. “आपलं पातेलं आपण तपासायचं नाही.” घरी आल्यावर मात्र स्वतःचाच नियम त्याच्या डोक्यातून साफ गेला होता.

“लवंगी, इकडे ये,” ती हळू आवाजात म्हणाली. “आत आजोबा आहेत ना, त्यांना जाऊन विचार, बाहेरचा घास कोण घेणार?”

“म्हणजे काय?”

“तू विचार तर खरी.”

लवंगी आत गेली. तिचा खणखणीत प्रश्न बाहेर ऐकू आला. मग ढवळण्याचा आवाज थांबला.

“कुणी पाठवलं तुला?”

“आजीने.”

“हं.” मग मोठ्याने, “अगं!”

“काय हो?”

“काही नाही.”

नळ सुटला. स्टूल ओढल्याचा आवाज आला. “हात धू. टोपी घाल.”

“माझे केस बांधलेत.”

“नियम आहे. डॉक्टर आले तरी घालतात. हं, हा चमचा. खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून नाही.”

“गरम आहे.”

“फुंकर मार.”

बाहेरच्या खोलीत कुणी हलेना. मग लवंगीचा आवाज आला. “काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणजे?”

“वास आहे, चव नाही. चव करायला विसरलात तुम्ही.”

घड्याळजीने रुमाल तोंडावर धरला. शिवणताईने त्याच्याकडे असं पाहिलं की रुमाल आपोआप खाली आला. “हसलात ना,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “तर या प्लास्टरनेच घालीन डोक्यात.”

आणि आत झाकण वाजलं. किर्रर्र.

“आता?”

“अजून.”

किर्रर्र.

“आता?”

“अजून. एवढंस्सं.”

किर्रर्र. शिवणताईने श्वास रोखून धरला होता. आत चमचा पातेल्यावर आपटला, फुंकर मारली गेली, आणि मग कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही.

“थांबा!” लवंगी ओरडली. “आता हात लावायचा नाही!”

भिंतीवरच्या घड्याळाखाली बसलेल्या घड्याळजीने मान डोलावली. हे शब्द त्याने शिडीवर उभं राहून ऐकले होते.

साडेसहाला आचाऱ्याने स्वतः वाढलं. डोक्यावर जुनी पांढरी टोपी, मागोमाग पावांची टोपली घेऊन लवंगी, तिच्या डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी. प्रत्येकाच्या ताटात मोठाले तुकडे, वर दाट तांबूस रस्सा. शिवणताईचं ताट मात्र वेगळं आलं. तिची कोंबडी हाडांवरून सोडवलेली, बटाटे कुस्करलेले, सगळं डाव्या हाताच्या चमच्यात मावेल असं. कुणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारच्या ताटात तिने तेही लिहून ठेवलं असणार.

घड्याळजीने घसा खाकरला. “तर मंडळी, सव्वीस वर्षांपूर्वी, याच टेबलाशी—”

“आजोबा, आधी खा,” लवंगी म्हणाली. “गार होतं.”

त्याने घास घेतला. गोष्ट तोंडातच राहिली. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, पाव तोडून रश्शात बुडवला आणि मान खाली घालून खात राहिला. घड्याळजी जेवताना गप्प बसल्याचं वहिनींनी लग्नापासून पाहिलं नव्हतं. ढब्बू पांढरं सोडून काही खात नाही अशी त्याची ख्याती होती, दूध, भात, बस्स. त्याने आईच्या ताटात बोट बुडवलं, चोखलं, आणि चिमणीच्या पिलासारखा आ करून बसला. भिंगरीने भरवलं. पुन्हा आ. पुन्हा भरवलं.

आचारी अजून उभाच होता. त्याने टोपी काढून हातात घेतली. “मग लवंगीबाई,” तो म्हणाला. आवाज साधाच होता, पण शिवणताईला त्यातली टाचणी ऐकू आली. “कसं झालंय जेवण?”

सगळ्यांचे चमचे थांबले.

“मला काय विचारता?” लवंगी कपाळाला आठ्या घालून म्हणाली. “मीच तर केलंय. तुम्ही नुसतं ढवळलंत.”

असा हशा उसळला की ढब्बू दचकून रडायला लागला आणि रडता रडताच पुन्हा आ करून बसला. आचारी हसला. सव्वीस वर्षांपूर्वीही तो सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसला होता. या वेळी हसता हसता तो खाली बसला, आणि त्याने स्वतःचं ताट पुढे ओढलं. फरक एवढाच.

भिंगरीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. “फार सुंदर झालंय काका,” ती म्हणाली. “पण खरं सांगू? तेव्हासारखं नाही झालं.”

“तेव्हासारखं म्हणजे?” वहिनींनी विचारलं.

“अगं आई, मी तापात अकरा दिवस यांच्याच रुग्णालयात नव्हते का? रोज दुपारी काका स्वतः वाटी घेऊन यायचे. घरी आल्यावर मला तुझं काही जाईना, सगळं झणझणीत लागायचं. आणि त्या दिवशी इथे पहिला चमचा घेतला, तर तीच चव! म्हणून विचारलं, हे आजारी माणसांचं जेवण आहे का. हो म्हणाले असते ना काका, तर अख्खं पातेलं संपवलं असतं मी.”

वहिनींनी हातातला पाव खाली ठेवला.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, कार्टे?” घड्याळजी म्हणाला.

“पाच वर्षांची होते मी! तुम्ही सगळे एवढे हसलात, मला वाटलं मी काहीतरी भारीच बोलले. पुढे तुम्ही ती गोष्ट इतकी रंगवून सांगायचात, मध्ये कोण तोंड घालणार?”

आचाऱ्याने चमचा खाली ठेवला. “तुझं ताट रिकामं होतं,” तो सावकाश म्हणाला. “मी बघितलं होतं. मला वाटलं, तुझ्या आईने संपवलं.”

“चौतीस वर्षांत एकच ताट चुकलात,” शिवणताई म्हणाली. मग तिने प्लास्टरचा हात टेबलावर नीट ठेवला. “आणि सगळ्यांत आधी मी हसले होते. चुकले मी.”

“आठवतंय,” तो म्हणाला. “असू दे.”

“पण अळणी होतं हं ते. आमचं ताट रिकामं नव्हतं.”

“अळणी होतं,” त्याने कबूल केलं. “आज लवंगीने सांगितल्यावर कळलं.”

तो बोलता बोलता पाणी पीत होता. एक पेला झाला होता, हा दुसरा. लवंगीने त्याच्याकडे पाहिलं. “किती पाणी पिता हो तुम्ही! खारट लागतंय का?”

“थोडंसं,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “पण तू सही केलीयस ना, मग बरोबरच असणार.”

तो हे हळूच म्हणाला, पण शिवणताई शेजारीच बसली होती. तिने त्या पेल्याकडे पाहिलं, आणि तेहतीस वर्षांतले सगळे पेले तिच्या डोळ्यांपुढे रांगेने उभे राहिले. दर जेवणाला दोन. तिचं जेवण त्याला एवढी वर्षं खारट लागत होतं, आणि त्याने ताटात कधी कण ठेवला नव्हता. जो माणूस दुसऱ्यांची ताटं वाचायचा, त्याने स्वतःच्या ताटात काही लिहूनच ठेवलं नव्हतं.

सफरचंदं संपल्यावर त्याने ताटं गोळा केली आणि दिव्याखाली ओळीने मांडली. लवंगी स्टुलावर उभी राहून त्याच्याबरोबर वाचू लागली.

“हे कुणाचं?”

“घड्याळजी आजोबांचं. हाडं बघ, चोखून कशी लखलखीत केलीत.”

“हे आजीचं. यात तर काहीच नाही.”

“काहीच नाही,” आचारी म्हणाला, आणि ते ताट त्याने जरा जास्तच वेळ हातात धरलं. मग एक चिठोरा आणि पेन्सिल तिच्यापुढे केली. “सही राहिली तुमची, सिस्टर.”

लवंगीला अजून धड लिहिता येत नव्हतं. तिने एक भला मोठा ‘ल’ काढला, तोही उलटा.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. प्लास्टर निघालं, मशीन सुरू झालं, उलट्या ‘ल’ची चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चिकटवलेली आहे. आठवड्यातले चार दिवस स्वयंपाक आचारी करतो. जेवण त्याच्या चवीचं होतं, आणि मिठाची बरणी टेबलावर शिवणताईच्या बाजूला असते.